टिंब आणि शेवटचा पेशंट

मंडळी, मी प्रोग्रामर आहे, आणि चांगला आहे! हे स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही.

तर त्या दिवसांत मी एका भाषेच्या प्रेमात पडलो होतो. कम्प्युटरच्या भाषेच्या हो! नाव टिंब. कमीत कमी शब्द, कमीत कमी नियम, अख्खी भाषा एका कागदावर मावते. ऑफिसात मी तिचं इतकं कौतुक करायचो, की लोकांनी चहाला जायची वेळ बदलली. शेजारच्या टेबलावरचा शंकासूर तेवढा हलायचा नाही. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण शंका काढल्याशिवाय हा माणूस जांभईसुद्धा देत नाही.

"तुझ्या टिंबात तारखेची सोय आहे?" त्यानं विचारलं.

"आपण करून घ्यायची."

"नावं क्रमानं लावता येतात?"

"आपण लावायची."

"चुकलं तर सांगते का?"

"छे! ती बोलतच नाही. आपण ओळखायचं."

"मग ती नेमकं करते तरी काय?"

"आपल्या आड येत नाही!" मी छाती फुगवून म्हणालो. त्यानं कपाळाला हात लावला. जळतात लोक, दुसरं काय!

आता माझी बायको दातांची डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून तिनं स्वतःचा दवाखाना थाटला होता. दवाखाना चकाचक, खुर्ची नवीकोरी, पेशंट मात्र औषधाला असावेत तेवढेच. सगळी भिस्त तिच्या जुन्या सरांवर होती. सर निवृत्त होणार होते आणि त्यांचे झाडून सगळे पेशंट कुणाच्या तरी हवाली करणार होते. "शनिवारी येऊन बघतो," ते तिला म्हणाले होते. "शिस्त दिसली तर तुझे. नाही दिसली तर मला दुसरेही विद्यार्थी आहेत." सरांची शिस्त अशी, की त्यांच्यासमोर दुखरा दातसुद्धा गप्प बसायचा.

"काळजी करू नकोस," मी बायकोला म्हणालो. "सकाळी आठ वाजता प्रत्येक पेशंटला आपोआप आठवणीचा मेसेज जाईल. टिंबात लिहितो. सर थक्क होतील!"

"अरे, मोजकेच तर पेशंट आहेत. मी फोन करते ना."

"फोन? या काळात?"

झालं! बसलो लिहायला. तारीख नव्हती, ती केली. घड्याळ नव्हतं, ते केलं. म्हणजे पोळी खायची तर आधी गहू पेरा! तरी मी हसतमुख होतो. मग कळलं, की यादी कुठे संपते हेच टिंबाला कळत नाही. आणि 'थांब' हा शब्दच भाषेत नाही. सुरू झाली की निघाली, सुटलेल्या बैलासारखी.

पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? बायकोच्या फोनमधले सगळे नंबर एका फाइलीत उतरवले. वर शनिवारचे पेशंट, खाली उरलेलं जग. मधोमध एक खोटा पेशंट बसवला, नाव 'शेवटचा'. तो दिसला की प्रोग्रामनं परत फिरायचं. तसं करून बघितलं, परत फिरला! मी स्वतःचीच पाठ थोपटली.

शनिवारी सकाळी आठ वाजता दवाखान्यातल्या कम्प्युटरवर मी प्रोग्राम सुरू केला आणि ऐटीत चहा प्यायला गेलो. परत आलो तर दारात सासूबाई! गालाला हात लावून उभ्या.

"जावईबापू, कुठला दात काढणार ते तरी कळवायचं! सकाळपासून दोन्हीकडून काही चावलेलं नाही."

"तुमचा दात? कोण म्हणालं?"

त्यांनी फोन पुढे केला. 'आपला दात आज सकाळी दहा वाजता काढण्यात येईल. वेळेवर यावे.' मी वाचत असतानाच तोच मेसेज पुन्हा आला.

मी आत धावलो.

"अगं, यादीतला तो 'शेवटचा' कुठे गेला?"

"तो? मी काल काढून टाकला," बायको म्हणाली. "सर यायच्या दिवशीच शेवटचा पेशंट? काहीतरी अभद्र लिहून ठेवतोस!"

"अगं, तो पेशंट नव्हता, तो ब्रेक होता!"

टिंबानं पेशंट संपवले आणि थेट उरलेल्या जगात उडी घेतली होती. त्या लोकांपुढे ना वेळ लिहिलेली, ना काम. मग टिंबबाईनं खऱ्या शेवटच्या पेशंटचा मजकूर उचलला आणि सगळ्यांना चिकटवला. फाइल संपली की पुन्हा वरून सुरू! चुकतेय असं एका अक्षरानं सांगेल तर शपथ.

तोवर बाहेर जत्रा भरली. घरमालक आले. "भाडेकरूनं मालकाला दम द्यायचा? 'वेळेवर यावे'? आलोय! काढा दात!" प्लंबर आला. "मॅडम, हवे तेवढे दात काढा, पण मेसेज थांबवा!" बायकोच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका आल्या आणि कुणी न सांगता त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. क्रम लावायची सोय टिंबात नव्हती, बाईंच्यात मात्र उपजत होती.

मी बायकोच्या खोलीत टेबलाखाली शिरलो. आता एकच इलाज, वायर उपटायची! पण वायरी इतक्या, की कुठली कम्प्युटरची आणि कुठली दात कोरायच्या यंत्राची, काही कळेना. तेवढ्यात दार उघडलं. पॉलिश केलेले बूट आत आले. सर! त्यांनी दार लावून घेतलं.

"कुणी सांगितलं तुला?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"सर, ती माझ्या नवऱ्याची करामत," बायको रडकुंडीला आली होती.

"त्याला कसं कळलं?"

"त्याला काहीच कळलं नव्हतं सर! कळलं तोवर सगळ्यांना गेलं होतं."

"सगळ्यांना?" सर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसले. "बाहेर रांग आहे त्यांनाही?"

"हो सर. त्यासाठीच तर आलेत सगळे."

सर उसळले. "एवढी वर्षं जपलं! सख्ख्या बायकोला पत्ता लागू दिला नाही! आणि तू मला मेसेज करतेस, दात काढण्यात येईल? वर वेळेवर यावे? घे! काढ काय काढायचंय ते!"

टेबलावर खट्ट आवाज झाला. त्याच क्षणी माझ्या हाताला बरोबर वायर लागली. मी ती उपटली, विजयानं डोकं वर काढलं, आणि माझ्या नाकासमोर सरांची अख्खी कवळी!

मी कवळीकडे बघतोय, सर माझ्याकडे बघतायत, बायको छताकडे बघतेय.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. तो मेसेज प्लंबरलाही गेलाय."

मग मी टिंबाची सगळी कहाणी सांगितली. सरांनी शांतपणे कवळी बसवली, टाय सारखा केला.

"रांग कुणी लावली?"

"आमच्या शाळेतल्या बाईंनी."

"उत्तम लावलीय. पेशंट तुला देतो. पण हे..." त्यांनी जबड्याकडे बोट दाखवलं, "या खोलीबाहेर गेलं, तर एकही येणार नाही. समजलं?"

सर गेले. बायकोनं दाराला कडी घातली आणि मला शपथ घ्यायला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो! दवाखाना त्या एका गोष्टीवर टिकून होता.

मी शपथ घेतली. आणि मी शब्दाचा पक्का माणूस आहे! शंकासुरानं खोदून खोदून विचारलं, सासूबाईंनी आडून आडून विचारलं. मी कुणाला ताकास तूर लागू दिला नाही.

आता तुम्हाला तेवढं सांगितलं. पण तुम्ही कुठे सरांना ओळखता?... ओळखत नाही ना?