इंगळे सरांचं उलटं प्रश्नचिन्ह

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इंगळे सरांचा विषय निघाला, की त्यांच्या गमती सांगून हशा मिळवायचो आणि एक गोष्ट नेमकी गाळायचो. आज तीही सांगतो.

दर्यापूरच्या शाळेत मी हेडमास्तर, ते मराठीचे शिक्षक. एखादं उत्तर कळलं नाही, की चूक-बरोबर न करता ते समासात उलटं प्रश्नचिन्ह काढायचे. टिंब वर, आकडा खाली.

"हे काय, इंगळे?"

"सर, सुलटं चिन्ह पोराले इचारते. उलटं मले इचारते, तुले समजलं काय बे?"

मग पेपर पिशवीत घालून ते त्या पोराच्या घरी जायचे. त्याला काय म्हणायचं होतं ते ऐकून तिथेच मार्क द्यायचे.

हे चिन्ह डॉक्टरच्या चिठ्ठीवर पडायचं, लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तावर पडायचं, माझ्या नोटिशीवरही पडायचं. इंगळे वहिनी सांगायच्या, "लग्नाच्या आधी माह्या बाबाच्या चिठ्ठीवर यायनं चार उलटे आकडे काढून वापस धाडली. बाबा बिचारे सायकलवर जवाब द्याले गेले!"

एका एप्रिलात वहिनी अकोल्याला दवाखान्यात होत्या, सर त्यांच्यापाशी. इकडे नववीचा निकाल लावायचा होता. वैशालीच्या पेपरात तीन उलटी चिन्हं, पुढे मार्क कोरे. मी घाईत तिन्ही ठिकाणी शून्य मांडलं. पोरगी नापास झाली. बापानं शाळा सोडवली आणि दोन वर्षांत तिचं लग्न लावून दिलं.

सर परत आले तेव्हा सगळ्या स्टाफसमोर मी म्हणालो, "मार्क तुमीच कोरे सोडले. मी दोनदा फोन लावला, लागला नाही."

सर खाली बघून म्हणाले, "माहीच चूक."

त्यानंतर दर रविवारी सर कुठे जातात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे वैशालीच मला बडनेरा स्टेशनवर भेटली, तेव्हा कळलं. सर जीपनं आधी तिच्या माहेरी, मग सासरी जाऊन शिकवायचे. सासूला म्हणायचे, "बाई, इचं माह्याकडं बाकी हाय." तिनं बाहेरून दहावी काढली होती.

गेल्या वर्षी मी अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांच्या घरी गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. सरांनी दारातूनच शेजाऱ्याला हाक मारली, "या हो, आमचे हेडमास्तर आले! माह्या हातून येवढी मोठी चूक झाली, पन या मानसानं मले कधी टोचून नाही बोललं!"

मी चहा प्यालो. तब्येत विचारली. उठलो.

श्रावणात सर गेले.

इंगळे, मी फोन लावलाच नव्हता. मला माफ करा.