सहाशे बारा काडतुसांची विल्हेवाट

कल्याणरामला आपल्या व्यवहारज्ञानाचा फार अभिमान होता, आणि तो अगदीच खोटा होता असं म्हणता येणार नाही. चेन्नईतल्या एका पंपांच्या कारखान्यात एकवीस वर्षं खरेदी खातं सांभाळलेला माणूस तो. समोरच्याला कॉफी पाजून, इकडचं तिकडचं बोलून, शेवटी आपल्याच अटींवर आणून बसवायचं, हे त्याला झोपेतही जमत असे. त्यामुळे वडिलांना जाऊन सहा महिने झाले आणि तंजावरच्या घरातलं ते लोखंडी कपाट रिकामं करायची वेळ आली, तेव्हा त्याने धाकट्या बहिणीला, विनुताला, फोनवर घरच्या तंजावरी मराठीत ठणकावून सांगितलं, "तू डोकं शिणवू नकोस. मंगळवारपर्यंत अस्कं, अगदी सगळं, निकालात काढतों."

कपाटात काडतुसं होती. मोजून सहाशे बारा.

वडील तुकोजीराव म्हणजे सरकारी सर्व्हेयर. जन्मभर लोकांच्या शेतात साखळ्या ओढत हिंडले. ओरत्तनाडूजवळच्या आपल्या जमिनीत रानडुकरं फार माजली म्हणून त्यांनी कधी काळी परवाना काढून एक बंदूक घेतली होती. ती त्यांनी एकदाच झाडली, तीही आकाशात, आणि मग दोन दिवस कानात कापसाचे बोळे घालून बसले. पुढे डोळे अधू झाले तशी त्यांनी ती रीतसर सरकारजमा करून टाकली. काडतुसं मात्र राहिली. नुसती राहिली नाहीत, तर वाढत गेली. लाल, हिरवी, निळी, जाड कागदाच्या नळ्यांची, पितळी बुडाची. प्रत्येक खोक्याला तमिळमध्ये बारीक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी: गाव, घर, साल. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, अप्पा काडतुसं जमवतात, अशी मुलांनी आपली समजूत करून घेतली होती. कपाटाला हात लावायची कुणाला मुभा नव्हती, आणि त्यामागचं कारण विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

आता अम्माला चेन्नईला न्यायचं होतं आणि घर भाड्याने द्यायचं होतं. कल्याणरामने तिरुचीतल्या सुब्रह्मण्य नावाच्या एका परवानाधारक बंदूकवाल्याला गाठलं. पण आकडा सांगितला नाही! माल किती आहे ते फोनवर कधी उघड करायचं नाही, हा त्याचा पहिला नियम.

"थोडं कलेक्शन आहे सार. जुनं आहे."

"लायसन्स आहे?" सुब्रह्मण्यने विचारलं. शब्द मोजून टाकणारा माणूस.

"आहे की. आमचे अप्पा कागदांचे पक्के होते."

"मग मंगळवारी येऊन बघतो. पण जुनं असेल तर कुणी हात लावू नका. चिठ्ठ्यांसकट जसं आहे तसं असू द्या."

लायसन्स फाइलीत होतं. कल्याणरामने त्याच्यावरचा शिक्का पाहिला, अप्पांचा तरुणपणीचा फोटो पाहिला, थोडा हळवा झाला आणि फाइल मिटली. बाकीचा मजकूर वाचायचा राहिला. मग त्याने आईला फोन केला. "अम्मा, मंगळवारी तिरुचीहून एक माणूस येतोय, कपाटातलं बघायला. विकून टाकतों." हात लावू नका, हे सांगायचंही राहून गेलं.

"बरं," कामाक्षी म्हणाली. आईचं 'बरं' ऐकून निश्चिंत होणं ही कल्याणरामची जुनी खोड होती.

मंगळवारी सकाळी तो चेन्नईच्या गाडीतून उतरला, सुब्रह्मण्य स्टेशनवरच भेटला, आणि दोघे घरी आले. कामाक्षीने पितळेच्या पेल्या-डबऱ्यात कॉफी दिली. सुब्रह्मण्यने चष्मा पुसला. कल्याणरामने जादूगाराच्या थाटात कपाट उघडलं. कपाट झाडून पुसून लख्ख रिकामं होतं.

"अम्मा, काडतुसं कुठं?"

"गच्चीवर."

"गच्चीवर कशाला?"

"मग वाळायला नकोत?" कामाक्षी शांतपणे म्हणाली.

या घरातून कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय बाहेर जात नसे. शेजारणीचं सांबाराचं भांडं असो की लेकीच्या सासरी पाठवायची समई असो, पितळ म्हटलं की ते चिंचेत भिजणार, घासलं जाणार आणि उन्हात तापणार. हे कल्याणरामला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त काडतुसांचं बूडही पितळेचंच असतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो दोन दोन पायऱ्या गाळत वर धावला.

गच्चीवर वडाम, म्हणजे सांडगे-पापड, घालायचं जुनं धोतर अंथरलेलं होतं. त्यावर रंगवार ओळी लावून सहाशे बारा काडतुसं ऊन खात पडली होती, आणि त्यांची बुडं अशी झळकत होती की डोळे दिपावेत. त्यांच्याच शेजारी दुसऱ्या धोतरावर लवंगी माळा, भुईचक्रं आणि फुलबाज्या मांडून शेजारचा राघवेंद्र उकिडवा बसला होता.

"ये रे कल्याणा," तो म्हणाला. "दीपावली आली म्हणून नातवंडांचे पटाके वाळवतों. तुमच्याकडे यंदा बरेच घेतलेत. हे हिरवे कुठले? एक लावून पाहूं म्हटलं."

त्याच्या एका हातात हिरवं काडतूस होतं. दुसऱ्या हातात पेटलेली उदबत्ती होती.

कल्याणरामच्या मागून सुब्रह्मण्यचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये तसा. "पेरियवरे, आजोबा, ती उदबत्ती त्या बादलीत टाका. आता ते खाली ठेवा. आता उठा. चला, सगळे खाली जाऊ." आणि तिरुचीत तीस वर्षं बंदुका विकलेला तो माणूस काडतुसांवरची नजर न हटवता एक एक पायरी उलटा उतरला.

खाली आल्यावर त्याने पाणी मागितलं. "सार, तुम्ही थोडं म्हणालात."

"बोलणी करायची पद्धत असते ना," कल्याणराम पुटपुटला.

"माझंही दुकान आहे. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर मला गप्प बसता येणार नाही." त्याने ठाण्याला फोन लावला.

अर्ध्या तासात सब-इन्स्पेक्टर वासुकी दोन हवालदारांना घेऊन आल्या. पस्तिशीच्या, कडक इस्त्रीच्या बाई. कल्याणराम आपल्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आधी कॉफी घ्या."

"आधी लायसन्स द्या."

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. काडतुसं बाळगायची मर्यादा, पन्नास. मुदत संपून नऊ वर्षं झालेली. गच्चीवर, सहाशे बारा.

"ही कुणाकुणाची? कुठून आली?"

"खोक्यांवर चिठ्ठ्या होत्या," कल्याणराम घाईने म्हणाला. "गाव, घर, सगळं लिहिलेलं."

"त्या गेल्या पाण्यात," कामाक्षी म्हणाली. "शाई हो, राहते कुठं?"

वासुकींनी वहीत काहीतरी लिहिलं. "या घरात राहतं कोण?"

"मी," कामाक्षी म्हणाली. "एकटी. कपाटाची चावीही माझ्याच कमरेला."

ते ऐकून कल्याणराम पुढे झाला. अप्पा गेले तेव्हा तो रडला होता, पण असा घाबरला नव्हता. पंचाहत्तर वर्षांची आई, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेली, आणि तिचं नाव त्या वहीत जाणार. आणि अप्पा? जमिनीत वीतभर इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस, त्याच्या नावापुढे बेकायदा साठा असं लिहिलं जाणार. हे सगळं आपल्या हुशारीने झालेलं.

"मॅडम, माझं नाव लिहा," तो म्हणाला. "बोलावणं मी केलं, विकणार मी होतो, आकडा लपवला तोही मीच. अम्माला यातलं काही कळत नाही." अख्ख्या दिवसात त्याने आधी न जुळवता बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

कामाक्षीने त्याच्याकडे एकदा पाहिलं.

वासुकी सुब्रह्मण्यला घेऊन वर गेल्या. सुब्रह्मण्यने जपून एक लाल काडतूस उचललं आणि बोटांनी दाबलं. कागदाचे पापुद्रे सुटले आणि आतून काळपट, आंबूस रबडी बाहेर आली. त्याने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मग खाली येऊन विचारलं, "अम्मा, हे किती वेळ भिजत होतं?"

"शनिवारपासून. आज सकाळी उपसलं."

"मॅडम, सगळ्यांचा चिखल झालाय. यातलं एकही आता उडायचं नाही." त्याने खिन्नपणे मान हलवली, काही नळ्या त्याच्या आजोबांच्या काळातल्या होत्या. "मात्र उन्हात ठेवू नका. वाळली तर मी जबाबदार नाही."

"सगळी परत पाण्यात घाला," वासुकींनी हुकूम सोडला.

"परत?" कामाक्षी म्हणाली. "सकाळीच पुसून ठेवलंय हो."

पण हुकूम तो हुकूम. दोन हवालदार, सुब्रह्मण्य, कल्याणराम आणि नातवंडांचे पटाके आधी घरी पोचवून आलेला राघवेंद्र, अशी रांग लागली आणि काडतुसं ज्या घंगाळात भिजली होती त्यातच पुन्हा गेली. वासुकींनी वहीत लिहिलं, ते वाचूनही दाखवलं: मयत परवानाधारकाच्या पत्नीने घरात सापडलेली निकामी काडतुसं नष्ट करण्यासाठी आपण होऊन ताब्यात दिली. कामाक्षीने सही केली. घंगाळ व्हॅनमध्ये चढलं. जाताना वासुकींनी कॉफी घेतली.

सगळे गेल्यावर कल्याणराम जिन्यावर बसला. आता त्याला राग यायला उसंत मिळाली. "अम्मा, असं धुवायचं असतं का? तुला कोण सांगितलं?"

"तुझे अप्पा."

"अप्पांनी?"

"मोजणीला गावोगाव जात होते ना. एखाद्या घरातला मालक गेलेला असायचा, बायको एकटी, आणि माडीवर काडतुसं. ठाण्यात जायला भीती. सार, तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही ठेवा, म्हणून हातात द्यायच्या. यांना नाही म्हणता यायचं नाही. पापनाशमपासून आणलंय त्यांनी, पिशवीत घालून, बसमधून."

"मग तेव्हाच बुडवून का नाही टाकली?"

"दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेलं कसं बुडवायचं? कुणी मागायला आलं तर? कुणी आलं नाही, ते वेगळं. मी आहे तोवर असूं दे, म्हणायचे. मी गेलों की आधी पाण्यात घाल, चिठ्ठ्यांसकट, कुणाचं नाव राहायला नको. मग पोरांना सांग. माझ्याच्यानं सहा महिने होईना. त्यांचं अक्षर होतं रे त्याच्यावर."

कल्याणराम हळूच म्हणाला, "मजला का सांगितलं नाहीस?"

"तू विकतों म्हणालास. हे काय आहे, कुठलं आहे, म्हणून एकदा तरी विचारलास?"

खरेदी खात्याने विषय बदलला. त्याने विचारलं, "चिंचही अप्पांनीच सांगितली होती?"

"छे. पाणी त्यांनी सांगितलं. चिंच माझी," डोळे पुसत कामाक्षी म्हणाली. "परक्याच्या घरी जायचं होतं. नुसत्या पाण्यानं पितळ निघतं होय?"