एक तास सात मिनिटं

धाकट्या भावाचा पन्नासावा वाढदिवस होता. बाइंडरने सकाळीच त्याचा नंबर काढला, बराच वेळ बघितला आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला. दरवर्षी तो एवढंच करायचा. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दोघा भावांत अबोला होता. फोन मात्र दिवसभर अंगावर असायचा. कामात आपल्या बाबांनाच काही झालं तर, म्हणून त्याच्या मुलीने तशी सक्तीच केली होती. आज खिशात टाकताना नंबरवर अंगठा पडला, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

तो पुस्तकाच्या शिलाईला बसला. समोर बायको पुठ्ठे कापत होती. वाढदिवसाच्या दिवशी धाकट्याचा उद्धार ठरलेलाच.

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. आणि साहेब आले सगळं उरकल्यावर! पाहुण्यासारखे!"

"अहो, पण तुम्ही कळवलंत कधी त्यांना?"

बाइंडरची सुई थांबली.

"उशिरा," तो म्हणाला. "मुद्दाम. चार वर्षं मी एकट्याने केलं तिचं. वाटलं, शेवटी तरी ती माझ्या एकट्याची असावी."

बायकोने कात्री खाली ठेवली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग बाइंडर बोलतच सुटला, आणि सगळं बोलून झाल्यावर बराच वेळ मुकाट्याने शिवलेल्या पुस्तकांना बोटांनी खळ लावत राहिला. चहाची वेळ झाली का, हे बघायला त्याने फोन काढला, तर पडद्यावर धाकट्याचं नाव आणि खाली पळणारे आकडे. एक तास सात मिनिटं.

"अगं, हा चालू आहे!"

"कोण?"

"धाकटा!"

"मग बंद करा ना!"

बोटं खळीने बरबटलेली. फोन काही केल्या ऐकेना. एप्रनला पुसावीत तर एप्रनला त्याहून जास्त खळ. शेवटी बायकोने करंगळीने फोन कापला.

"काय काय बोललो मी?"

"सगळंच," बायको म्हणाली. "निदान चुकून लागला म्हणून कळवा तरी."

टाइप करणं शक्य नव्हतं. त्याने माइकचं बटण दाबलं आणि बोलला. फोनने इमानदारीने दोघांचंही उतरवून घेतलं आणि बोट घसरलं तसं पाठवूनही दिलं: 'फोन चुकून लागला मनावर घेऊ नकोस अहो आधी माफी मागा तू गप्प बस त्याला कळेल ना.'

बाइंडरने घाईघाईने ते पुसलं. त्याच्या फोनवरून गेलं. धाकट्याच्या फोनवर तसंच राहिलं.

तेवढ्यात धाकट्याचाच फोन आला. बाइंडरने दोन्ही हातांनी धरून तो कानाला लावला.

"दादा."

"अरे, तो फोन चुकून..."

"वाचलं. वहिनीचं पण वाचलं." धाकट्याचा आवाज बसलेला होता. "मी ऑफिसच्या जिन्यात आहे. तुझा फोन आला म्हणून मीटिंग सोडून पळत बाहेर आलो. तुझं बोलून झालं, मग मी बोलायला लागलो. तू मुद्दाम उशिरा कळवलंस, ते ऐकून वाट्टेल ते बोललो तुला. लोक वळून बघत होते. नंतर माझंही जे होतं ते सांगून टाकलं. कुणालाच सांगितलं नव्हतं रे. बायकोलासुद्धा नाही."

बाइंडरने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"आणि तू एकदाही मध्ये तोंड घातलं नाहीस. लहानपणापासून पहिल्यांदा, दादा. ऐकलंस ना सगळं?"

बाइंडरने बायकोकडे बघितलं. एप्रनच्या खिशातून त्याला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. नाही म्हणावं, तर ते सगळं धाकट्याला पुन्हा बोलावं लागणार होतं. ते त्याच्याने होणार नाही, हे आवाजावरूनच कळत होतं.

"ऐकलं," बाइंडर म्हणाला.

"मग? माफ करशील?"

"केलं रे. तू मला?"

पलीकडे धाकट्याने नाक ओढलं. "रविवारी येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

बायकोने हळूच विचारलं, "काय माफ केलंत?"

"देव जाणे," बाइंडर म्हणाला. "आणि आता विचारायचीही सोय राहिली नाही."