सचिवानं बंद केलेली पाळी

गुपित राखावं तर मीच! आमच्या राळेगाव तालुक्यात माझ्याइतका घट्ट तोंडाचा माणूस शोधून सापडायचा नाही. पाणी वापर संस्थेचा सहा वर्षांपासून सचिव आहे मी. नहराच्या पाण्याची पाळी कोणाची कधी, हे रजिस्टरात चढेपर्यंत माझ्या ओठांवर येत नाही. म्हणूनच दीपा, म्हणजे आमची बायको, मला म्हणाली, "अजी, हे गावात कोनाले कळू देऊ नका. नाही तं ऑपरेशनच्या आधीच लोक मले पाहाले येतीन."

"भीमराजच्या पोटातून गोष्ट बाहेर निघत नसते!" मी छाती ठोकली.

गोष्ट अशी, की दीपाच्या गर्भाशयात गाठी होत्या. दर महिन्याला आठ-दहा दिवस रक्त जायचं. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. पाण्याचा हंडा उचलला की तिला अंधारी यायची, आणि मला कळू नये म्हणून ती हसायची. यवतमाळच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन नाही. तोवर महिन्याला एक इंजेक्शन.

"अंडाशयाला मेंदूकडून जो हुकूम जातो, तो हे इंजेक्शन अडवतं," मॅडम म्हणाल्या. "हार्मोन बंद, पाळी बंद, मग गाठी आकसतात. मात्र बंद व्हायच्या आधी हार्मोन थोडे उसळतात. एखादी पाळी येईल, जास्तही येईल. घाबरायचं नाही."

"म्हंजे नहराच्या तोंडाचं गेट बंद केलं तरी नहरातलं मागचं पानी येनारच!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तसंच समजा," म्हणाल्या.

घाबरायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मी ताबडतोब घाबरलो! पहिल्या इंजेक्शनानंतर दहाव्याच दिवशी दीपाला पाळी आली, आणि ती अशी की तिला उठवेना. मी ऑफिसात धावलो. तिथे रेंज फक्त खिडकीत येते. गजांतून तोंड बाहेर काढून फोनवर ओरडलो, "मॅडम, पाळी आली! लय जोरात! बंद होईन म्हनलं होतं ना तुमी?"

"येणारच. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. चक्कर आली, रक्त थांबलं नाही, तर लगेच घेऊन या."

खिडकीखालच्या ओट्यावर शंकरसिंग बसला होता. नहराच्या पार शेवटाला त्याचं वावर, गहू वीतभर आलेला. सिंचन शाखेत साहेबाच्या जागी यंदा मॅडमच आल्यात, हे त्याला ठाऊक होतं. तो मोटारसायकलला किक मारून गेला. तासाभरात सारं शिवार फावडी घेऊन नहरावर! चाऱ्या साफ झाल्या, बांध फोडून झाले. नहरात एक बेडूक होता, तोही कोरडा.

"भाऊ, पाळी जोरात आली म्हने?" संध्याकाळी शंकरसिंगनं चौकात विचारलं.

"कोनं सांगतलं तुले? चुकीचं आयकलं तुनं!" असं म्हणून मी सटकलो.

दीपा दोन दिवसांत सावरली. पुढे दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं. रोज सकाळी मी तिचे डोळे खाली ओढून आतला रंग पाहायचो. गहू पोटरीवर आला आणि एका दुपारी तिचा फोन आला. "अजी, महिना उलटून गेला, पाळीच नाही. अन् रक्त साडेनऊ झालं!"

मी खिडकीतच उडी मारली. "बंद? पुरी बंद? वा, वा! आता दोन महिने येऊच द्याची नाही! कोनाले सांगू नको!"

ओट्यावर कोण होतं, हे सांगायलाच नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात तीस माणसं, शाली-मफलर गुंडाळलेली, हातात फावडी. पुढे सुखीबाई. बारा जणांचं घर ती एकटी चालवते.

"सचिव, पाळी काहून बंद केली?"

"आमी पान्याची वाट पाहून राह्यलो, अन् हा खुशीत नाचून राह्यला होता!" शंकरसिंग ओरडला. "माह्या कानानं आयकलं!"

नहराची नाही म्हणावं, तर मग कोणाची?

"ते... ते वेगळं हाये."

"वेगळं म्हंजे? गावात पाळ्या हायेत तरी किती?"

कोणीतरी ऑफिसला कुलूप ठोकायची भाषा केली. कोणीतरी माझी कॉलर धरली. पण दीपाला दिलेलं वचन मोडायचं नव्हतं.

तेवढ्यात दीपाच बाहेर आली. एवढ्या थंडीत चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, हातात सूप घेऊन वारा घेतेय! इंजेक्शनानं अंगातून वाफा निघतात तिच्या.

"नहराची नाही," ती म्हणाली. "माही बंद झाली. गाठी हायेत पोटात, इंजेक्शन चालू हाये, मंग ऑपरेशन हाये. घ्या, पाहा मले आता सारेजनं!"

कॉलर सुटली. पुरुष आपापल्या फावड्यांकडे पाहू लागले. सुखीबाई मात्र पुढे आली, दीपाचा हात धरून ओट्यावर बसली. "बाई वं, काहून नाही सांगतलं? माह्या सुनेचं असंच चालू हाये. कोनता डॉक्टर, मले कागद दाखव."

खरं सांगतो, मला रडू आलं. दोन महिने जी धास्ती घेऊन मी हिंडत होतो, ती या बाईनं एका वाक्यात हलकी केली. दीपा आत जाऊन फाईल घेऊन आली.

"मंग आपली पाळी कधी?" शंकरसिंगनं अगदी हळू आवाजात विचारलं.

आता मात्र माझ्या अंगात बळ आलं. "सोमवारी! पान्याचा मागनी अर्ज मंगळवारीच शाखेत देला, इंजेक्शनाहून येता येता. हे पाहा पोच, शिक्क्यासकट!"

दीपा फाईल चाळत होती. चाळता चाळता थांबली.

"अजी," ती म्हणाली, "मागनी अर्ज तं इथं हाये. मंग माही सोनोग्राफी कुठी हाये?"

मी पोच हळूच खिशात घातली.