कूलर बंद करा, टेक चालू आहे

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कुणी कूलर बंद करायला सांगितलं, तर लोक त्याला वेडा म्हणतील. महाल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला दामूकाका म्हणतात.

"कूलर बंद करा गा! टेक घेऊन राहिलो!" जिन्यातून अशी आरोळी आली की समजायचं, समोरच्या फ्लॅटमधले कादंबरीकार आज सिनेमावाले आहेत. पेटी ऐकू आली, तर संगीतकार. अगदीच शांतता असली, तर कादंबरी चालू. त्यांच्या छापून आलेल्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत; इंग्लिश मीडियममुळे जरा हळूहळू. प्रत्येकीत एक मुलगी घर सोडून जाते आणि शेवटच्या पानापर्यंत परत येत नाही. त्याच गोष्टीची काकांनी गाणी केली, मग मोबाईलवर सिनेमा काढायला घेतला.

"एकच गोष्ट इतक्या वेळा कशाला?" माझ्या बाबांनी एकदा विचारलं.

"माध्यम कमी पडून राहिलं ना गा!"

"तुम्हाला माध्यम कमी पडतं, आम्हाला हवा," बाबा घाम पुसत म्हणाले.

ती मुलगी कोण, हे बिल्डिंगला माहीत आहे. मी शाळेत असताना काकांची अलका नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. काकू आधीच वारल्या होत्या. निरोप घ्यायला घरात एकटे काकाच. बॅग खाली ठेवून तिने त्यांच्या खोलीचं बंद दार वाजवलं. आमच्या जाळीच्या दाराआडून मला सगळं दिसत होतं.

"बाबा, मी निघाले."

"आवाज नको! रेकॉर्डिंग चालू आहे!"

 ती बॅग उचलून जिना उतरली. दिवाळीला तिचा फोन येतो. ती येत नाही.

यंदाच्या सिनेमात मुलगी परत येते. ते काम काकांनी मला दिलं. मी नाही म्हणायच्या आत म्हणाले, "तू घाबरत बोलतेस वं. तेच पाहिजे मले."

त्याच खोलीच्या दाराबाहेर मी, आत बाप झालेले काका, माझ्या मागे स्टँडवर मोबाईल. मी "बाबा, मी आले" म्हणायचं आणि त्यांनी दार उघडायचं.

मी म्हटलं. दार उघडलं नाही.

"अजून एकदा वं."

परत म्हटलं.

"अजून."

माझा आवाज चुकतोय की मराठी, तेच कळेना. घामाने ओढणी ओली झाली. शेवटी मागे वळून पाहिलं, तर मोबाईलची स्क्रीन काळी.

"काका, रेकॉर्डिंग बंद आहे."

 दाराला अगदी लागून त्यांचा आवाज आला, "माहीत आहे मले. तू म्हण ना."

"बाबा, मी आले."

तेवढ्यात खाली कुणाचा तरी धीर सुटला आणि कूलर घरघरायला लागला. काका ओरडले नाहीत. त्या घरघरीतही आतली कडी निघाल्याचं मला ऐकू आलं.