बारा बांगडे भागिले चार

मुलांना गणित येत नाही याचं कारण ते पुस्तकात आहे, असा शोध वरच्या कार्यालयाला लागला. त्यावर उपाय म्हणून गणित पुस्तकातून बाहेर काढून रोजच्या जगण्यात सोडण्याचे आदेश निघाले. आतल्या गावांतल्या शाळांच्या वाट्याला काजू आणि नारळ आले. मिठबावच्या खालच्या अंगाला समुद्रालगत एक वाडी आहे, तिथल्या शाळेला बांगडे आले. अर्थात कागदावर.

प्रश्न असा होता: चार मच्छीमारांना मिळून बारा बांगडे मिळाले, समान वाटणी केल्यास प्रत्येकाला किती? उत्तर वेगळ्या मोहोरबंद पाकिटातून आलं होतं. शिक्षकांना ते आधी कळलं तर अभियानाचं गांभीर्य कमी होईल, अशी भीती होती.

याच वाडीत दाऊदभाई राहत. वाडीच्या रापणीचं जाळं त्यांचं. रापणीला निम्मी वाडी किनाऱ्यावर उभी राहून दोन्ही टोकांनी दोर ओढते आणि ओढेल त्याला मासळीत वाटा मिळतो. पण सगळ्यांच्या आधी तिसरा हिस्सा जाळ्याचा निघतो. त्यातून सूत येतं, दोर येतो, फाटलेलं शिवून होतं. दाऊदभाईंची नात हुमा तिसरीत होती. ती दोर ओढता ओढता पाढे म्हणते, हे दाऊदभाई ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्याला थांबवून सांगत.

मूल्यमापन पथक आलं. पथकप्रमुखांनी हुमाला उभं करून प्रश्न वाचून दाखवला. हुमाने थोडा विचार केला.

"सर, जाळा कोणाचा?"

प्रश्नात जाळं नाही, असं पथकप्रमुखांनी कागद उलटून, मागची बाजूही पाहून सांगितलं.

"मगे बांगडे खंयसून इले?"

बांगडे आले कुठून, हा प्रतिप्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने त्याची नोंद झाली नाही. हुमाने मग उत्तर दिलं: प्रत्येकाला दोन, आणि चार जाळ्याचे. पाकीट फोडलं, आत तीन निघाले. वर्गातल्या बाकीच्यांनीही दोनच सांगितले, तेव्हा हा सामूहिक कॉपीचा प्रकार तर नाही ना, याची चौकशी झाली. अखेर सगळा वर्ग 'अप्रगत' ठरला. हुमाच्या नावापुढे खास शेरा पडला: 'विद्यार्थिनी निर्जीव वस्तूंना मत्स्याहार देते.'

दाऊदभाईंना तो शेरा जिव्हारी लागला. ते शाळेत गेले, कार्यालयासाठी राखून ठेवलेलं शुद्ध मराठी काढलं आणि जाळ्याचा वाटा म्हणजे काय ते पथकप्रमुखांना नीट समजावलं. पथकप्रमुखांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. त्यांना दोष सापडला. मुलं अनुभवातून शिकतात हे अभियानाचं सूत्र होतं आणि इथला अनुभवच चुकीचा होता. पाकिटातलं उत्तर बदलण्याचे अधिकार त्यांना नव्हते. किनाऱ्याबद्दल मात्र नियमांत काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो बदलता येण्यासारखा होता.

फेरचाचणीपर्यंत रापणीची वाटणी अभियानाप्रमाणे व्हावी, असं ठरलं. फेरचाचणीतही वर्ग अप्रगत राहिला तर शाळा खाडीपलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. अक्षयाबाई वर्गशिक्षिका. त्या स्वतः दाऊदभाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या. शाळा पलीकडे गेली तर वाडीतल्या मुली होडीत बसून रोज शाळेत जायच्या नाहीत, घरीच बसतील, एवढंच त्या म्हणाल्या. दाऊदभाईंनी हुमाकडे बघितलं. ती अंगणात शिंपल्यांचे गुणाकार मांडत होती. त्यांनी जाळ्याचा वाटा सोडला.

वाडीने हा निर्णय शिक्षणावरच्या प्रेमापोटी तात्काळ मान्य केला. दोनाच्या जागी तीन मिळू लागले की शिक्षणावर प्रेम बसतंच. आजवर जाळ्याच्या वाट्याला हात न लावणारी माणसं आता समान वाटपाबद्दल तावातावाने बोलू लागली. दाऊदभाईंना ओढणाऱ्यांपैकी एक म्हणून तीन बांगडे मिळत. जाळ्याला टाळ्या मिळाल्या.

दिवाळीनंतर जाळं एका बाजूने उसवलं. सुतासाठी दाऊदभाईंनी ओढणाऱ्यांकडे शब्द टाकला, तर सगळ्यांनी एकमताने मुलांच्या भवितव्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी वरच्या कार्यालयाला अर्ज केला. उत्तर लवकर आलं: 'जाळे हा घटक इयत्ता तिसरीस नाही. भागीदारी हे प्रकरण पुढील इयत्तांत येते. पाल्य त्या इयत्तेत पोहोचेपर्यंत जाळ्याने वाट पाहावी.'

जाळ्याला मराठी वाचता येत नसल्याने ते फाटत राहिलं. आधी लहान मासळी निसटली, मग मोठी, आणि शेवटी भोक एवढं झालं की आत शिरलेला बांगडा वळून न बघता बाहेर जाऊ लागला.

फेरचाचणी अनुभवाच्या जागीच, म्हणजे किनाऱ्यावर घ्यायची होती. पथक आलं, फलक लागला, फोटोसाठी मुलांना दोराला धरून उभं केलं. रापण ओढली. आत शेवाळ आलं आणि एक चप्पल. पथकप्रमुख क्षणभर गडबडले, पण अनुभवाधारित प्रश्न बनवण्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं होतं.

"शून्य बांगडे चार जणांत समान वाटले, तर प्रत्येकाला किती?"

"शून्य," हुमा म्हणाली. तिच्यामागून सगळा वर्ग म्हणाला. एकही उत्तर चुकलं नाही. शाळा आदर्श ठरली, किनाऱ्याला अभियानाचं प्रात्यक्षिक केंद्र म्हणून मान्यता मिळाली आणि हुमाच्या नावापुढे लाल शाईतला शेरा खोडून 'प्रगत' लिहिण्यात आलं.

"नाना, आता बरोबर मा?" तिने विचारलं.

"बरोबर गो," दाऊदभाई म्हणाले. जाळं त्यांनी गोळा करून खांद्यावर घेतलं. ते आता एका खांद्यावर मावत होतं.

पाहुण्यांना उपाशी पाठवायची वाडीत पद्धत नाही. दाऊदभाईंनी बाजारातून बांगडे मागवले. घरात तळले गेले बारा. पथकात माणसं चार. ती हात धुऊन बसली आणि वाटणी अगदी पाकिटातल्यासारखी झाली. दाराशी उभी राहून हुमा बघत होती. शेवटचा बांगडा ताटात पडल्यावर तिने मनाशी हिशेब पडताळला.

"नाना, बाकी शून्य," ती म्हणाली. "आमी खंय धरूचे?"

पथकप्रमुखांनी काटा बाजूला काढत प्रेमाने सांगितलं, की बाळ, प्रश्नात तुम्ही नाही.

आता हसू नका. वर तो प्रश्न वाचलात तेव्हा पाकीट न फोडता तुम्हीही मनात तीन म्हणालात. जाळं कोणाचं, हे तुम्हीही विचारलं नव्हतं.