अप्पाजींचा वजनकाटा

कुणाकडेही जेवायला गेले की अप्पाजी आधी खिशातून छोटा वजनकाटा काढतात आणि पोळी तोलतात. वाढणारी बाई खाऊ की गिळू अशी बघत राहते. आकडा वाचून अप्पाजी निकाल देतात, "रिजेक्ट!" आमच्या हिंदी मुलखातल्या बिजौलीच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही.

प्रेम नगरात ते आमच्या शेजारी एकटेच राहतात. घरात साखर नाही, तांदूळ नाही. तरी सदऱ्यावर सदा मुंग्या. माझी बायको सुधा म्हणते, "मुंग्या त्यांची समजूत घालायला येत असतील."

मी हसतो, पण तेवढ्यापुरतंच. आमच्या मुक्ताला, तेरा वर्षांच्या पोरीला, टाइप वन मधुमेह आहे. अप्पाजी म्हणतात, भात-पोळी बंद करा, साखर ताळ्यावर येईल. डॉक्टर म्हणतात, तसं खाऊन काही मोठ्या माणसांची साखर सुधारते, पण वाढत्या मुलांबाबत पुरावा तोकडा आहे. आणि जेवण बदलायचं तर आम्हा डॉक्टरांना विचारून इन्सुलिनही बदलावं लागेल.

"सबूत तोकडा म्हणजे खोटा नव्हे, भैया!"

"खरा ठरला असंही नव्हे ना, अप्पाजी."

"मग तू कुणाच्या बाजूचा?"

खरं सांगतो, जो समोर असेल त्याच्या बाजूचा. मुक्ताची साखर चढली की मला अप्पाजी पटतात, उतरली की डॉक्टर. बाप असून मला ठाम राहता येत नाही.

गणेश चतुर्थीला अप्पाजी बदामाच्या पिठाचे, बिनगुळाचे मोदक घेऊन आले. "नैवेद्यात ठेव," म्हणाले. मला नाही म्हणवलं नाही. सुधाच्या उकडीच्या मोदकांशेजारी मी ते एकाच ताटात मांडले. दिसायला सगळे सारखे. मुक्ताने इन्सुलिन घेतलं ते आईच्या गुळाच्या मोदकांच्या हिशेबाने, आणि खाल्ले नकळत अप्पाजींचे.

थोड्या वेळाने तिचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजलं. पोटात गूळ नाही आणि इन्सुलिन पूर्ण; साखर झपाट्याने उतरत होती. मी स्वयंपाकघरात धावलो. साखरेचा डबा समोर होता, पण मी मिठाचाच उघडत होतो.

परत आलो तर अप्पाजी तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेले. सदऱ्याच्या खिशातून मूठभर बतासे काढून एकेक तिला भरवत होते. "चाव, माझी बाय! चाव!" काटा खाली पडून कुठेतरी घरंगळला होता.

"अप्पाजी, बतासे? तुमच्याकडे?" मी विचारलं.

"ही आजारी पडली तेव्हापासून बाळगतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "अंगणात खेळते, शाळेतून एकटी येते. वेळ काय सांगून येते?"

हळूहळू मुक्ताच्या गालांवर रंग परतला. क्षीण आवाजात ती म्हणाली, "अप्पाजी, तौला नहीं?"

दुसऱ्या खिशातून अप्पाजींनी आणखी एक बतासा काढला, त्यावरची मुंगी हलकेच फुंकून उडवली, आणि तिच्या तोंडापाशी धरला.